रोवन्याची लाल सुई

माह्या फायलीवर नर्स पोट्टीनं लाल पेनानं गोल काढला आन् मले रांगेतून उठवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चंद्रपुरात डोळ्याच्या दवाखान्यात सकाळपासून आमी सोळा म्हातारे-म्हाताऱ्या हिरवे गाऊन घालून बाकावर बसलो होतो, डोळ्यात थेंब टाकलेले, आन् माहा नंबर दुसरा होता. वेळ जाईना म्हनून मी वाघाची गोष्ट लावून देली होती. मोहर्लीच्या जंगलातल्या वाघाच्या पायात काटा मोडला, तो लंगडत लंगडत माह्या दारात आला, पंजा पुढं केला, मी त्याले सुई टोचली, तव्हापासून दर पावसाळ्यात धानाच्या रोवन्याले तो येते, आन् रांग मोडत नाई, बायांच्या मागं गुमान उभा राह्यते. एक म्हातारा म्हने, "बाई, सुई दंडात मारली का मागं?" मी म्हनलं, "मी त्याले विचारूनच राह्यली होती, तं त्यानं आपल्या मनानंच शेपटी वर केली." हासून हासून म्हाताऱ्यांच्या डोळ्यातले थेंब गालावर आले. तेवढ्यात ती पोट्टी आली. "कांताबाई कोन? तुमी शेवटी." काऊन, म्हनलं, माहा डोळा काऊन शेवटी?  तिच्या हातात मोजे होते, त्याच्यावर तिनं आनखी एक जोडी घातली, मंग माहा दंड धरून मले कोपऱ्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. जाता जाता तिनं मी उठली ती जागा फडक्यानं पुसली. मी पाह्यलं. मोतीबिंदूतून सारं जग धुक्यावानी दिसते, पन ते पुसनं मले साफ दिसलं. मोहर्लीचा वाघ तिथंच राह्यला, म्हाताऱ्यांपाशी. माह्या संगं कोपऱ्यात आला नाई.

ऑपरेशन झालं, साऱ्यांच्या मागून. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तं एवढा उजेड, का मले आपलेच हात पाहून शरम आली. सत्तर वर्साचे हात, शिरा वर आलेल्या. समोर डॉक्टरीनबाई बसली होती, दिव्यानी तिचं नाव, डोळ्याची नाई, दुसऱ्या मोठ्या दवाखान्यातून बलावलेली. माह्या नातीहून पाच-सात वर्सानं मोठी असन. "आजी, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघालाय," ती म्हने. "काविळीच्याच घरातला आहे, पण हा पिवळं करून ओरडत नाही. वीस-पंचवीस वर्षं गुपचूप लिवर खात बसतो. घाबरू नका. अजून एक तपासणी करू, मग तीन महिने गोळ्या, फुकट मिळतात. वेळेवर सापडला तर बहुतेक लोक साफ बरे होतात." मंग तिनं पेन उघडला. "आता आठवून सांगा. कधी रक्त चढवलं होतं? मोठं ऑपरेशन? गावात कोणाकडून सुया घेतल्या होत्या?" कोनाकडून घेतल्या! मले हासूच येऊन राह्यलं होतं, बाई.  मी हाताची बाही वर केली. "हे पाहा, गोंदन. आठ वर्साची होती मी. गोंदनवाली आली, एकाच सुईनं तिनं साऱ्या गल्लीतल्या पोरी गोंदल्या. एका डोळ्यानं आंधळी होती, पन मोर काढे तं मोर उडून जाये." दिव्यानीबाई हासली आन् तिनं लिवलं, गोंदन. एवढ्या सोप्यानं लिवलं. ती गोंदनवाली मरून चाळीस वर्स झाले असतीन, दोन्ही डोळ्यानं चांगली पाहे, आन् मी तिले एका मिनिटात आंधळी करून तिच्या माथ्यावर सारं ठेवून देलं. "कोनाले होते वो हे?" मी विचारलं. "जगात पाच कोटी लोकांना आहे आजी, आणि अर्ध्याहून जास्त लोकांना माहीतच नाही." पाच कोटी. मी एवढी बाताडी बाई, पन गोष्टीत कधी लाखाच्या वर गेली नाई. घरी येताना ऑटोत माह्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती. पाच कोटीतले माहे किती?

माह्या घरात आता कोनाले आठवत नाई, पोरगा प्रफुल तव्हा लहान होता, सुनेनं तं पाह्यलंच नाई, का मी गावात सुईबाई होती. गडचिरोलीच्या पल्याड आमचं गाव. तिथी रामाजी डॉक्टर बसत. डॉक्टर म्हनजे लोक म्हनत. ते कोन्या दवाखान्यात कंपाउंडर होते म्हनत, कोनी म्हने ढोरांच्या दवाखान्यात. मी त्यायचा झाडू मारत होती. झाडू मारता मारता बाटलीतून सुई भरासाठी हात पुढं केला, आन् रामाजीनं पाह्यलं का हिचा हात हालत नाई. "कांता, तुह्या हातात गुन हाये," ते म्हनले. असं माह्या जल्मात मले कोनी म्हनलं नव्हतं. वामनरावानं, माह्या मालकानंही नाई. रामाजी गेले तव्हा त्यायची स्टीलची डबी माह्याकडं आली, त्यात काचेच्या नळीची एक मोठी सुई, पाच-सहा टोकं. टोक बोथट झालं का मी पाटीच्या दगडावर घासून घेये. लोकं लांबून येत. गोळी देली तं नाराज होत, सुई पाहिजे. सुई मारली का अर्धा ताप तं तिथंच उतरे, हे मी खोटं सांगत नाई. पन खरी मजा रोवन्याची. पाऊस लागला का धानाचा रोवना, बाया दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावत, तिसऱ्या दिवशी कंबर सरळ होत नसे. तं आमच्याकडं एक रीत पडून गेल्ती. गुनवंतराव पाटील, तीस एकरवाले, तिसऱ्या दिवशी आपल्या खर्चानं साऱ्या बायांले ताकदीची लाल सुई मारून देत. मजुरी कमी देत, पन लाल सुई देत, म्हनून बाया त्यायच्याच धानाच्या बांधीत आधी जात. "पाटलाची सुई" म्हनत. शेताच्या धुऱ्यावर पाऊस, बाया रांगेनं उभ्या, लुगडं खांद्यावरून सरकवलेलं, दंड चिखलानं भरलेले, आन् मी बाटलीतून लाल पानी ओढून एकीले, मंग दुसरीले, मंग तिसरीले. पोट्ट्या-पोट्ट्या खिदळत. "कांता वं, मले जास्तीचं मार, माह्या नवऱ्याले मारासाठी ताकद पाहिजे." मी म्हनो, "तुह्या नवऱ्यालेच आन, त्याले उलटी मारतो." बावीस बाया. शेवटी बाटलीत उरे ते मी माह्याच दंडात घेत होती, वाया काऊन घालवा? साऱ्यांच्या मागून.

आन् तो पानी उकळाचा गंज, भगुनं. हे मी कोनालेच सांगतलं नाई. रामाजीनं सांगून ठेवलं होतं, दर बाईच्या मागं सुई उकळत्या पान्यात टाकाची, शंभर मोजाचे, मंग काढाची. शंभर मोजाले मले कंटाळा नव्हता. पन धुऱ्यावर चूल एक, आन् गंज एक. पावसात लाकडं ओली. माही मैतरीन कमळा चूल सांभाळे, फुंकून फुंकून तिचे डोळे लाल. बावीस बायांचा चहाही त्याच गंजात होत होता, आन् पाटील वरून ओरडत, "आटपा वं, बांधी अर्धी राह्यली हाये." बाया म्हनत, "चहा ठेव वं कमळे, हुडहुडी भरून राह्यली, सुई कुठी पळून जाते." कमळा माह्याकडं पाहे. मी मान हालवो. चहा चढे. आन् सुई मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घेत होती, चकाचक, आरशावानी, आन् पुढच्या बाईच्या दंडात. किती वर्स? मोजले तं अठरा रोवने. चहाचा तो वास, अद्रक नाई, गुळाचा, त्यात लाकडाचा धूर आन् स्पिरिट, तो वास आता मले ह्या चंद्रपूरच्या घरात येऊन राह्यला, खिडकीतून कोळशाची धूळ येते त्याच्या मधून. सून नंदिनी म्हने, "आई, काय हुंगून राह्यल्या?" मी म्हनलं, "तुह्या भाजीत मीठ नाई ते."

गावात पहिली सायत्रा गेली. पोट फुगलं, पाय सुजले, डोळे हळदीवानी. गडचिरोलीच्या दवाखान्यातून पोटातलं पानी काढून आनलं, आठ दिवसानं पुन्हा भरलं. दोन वर्सानं बेबी. मंग तानाबाई. तिघींतल्या कोनाच्याच तोंडाले कधी दारू नाई लागली. गावात कुजबुज चालू झाली, पानी खराब हाये, कोनी करनी केली, एका म्हातारीकडं लोकं वाकडे पाहाले लागले. तव्हा मी गोष्ट सांगतली. पारावर, बायांत बसून. आपल्या बोडीत, त्या तळ्यातल्या खोल पान्यात, म्हनलं, एक बाई राह्यते. तिले लेकरू नाई. रोवन्याच्या चिखलात जी जास्त वाकते, तिच्या पोटात ती आपलं पानी ठेवून देते, सांभाळाले. पानी भरलं का आपल्या बोडीत बलावून घेते. बायांनी तोंडाले पदर लावला. मी आवाज एवढा बारीक केला होता का मलेच काटा आला. त्या म्हातारीवरची नजर हटली, हे खरं. लोकं बोडीले बांगड्या वाह्याले लागले. वामनराव घरी आले तं कधी नाई ते माह्यावर ओरडले. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपल्या घरानं, आन् तू बोडीत बाई बसवतं?" मी म्हनलं, गंमत केली. गंमत नव्हती. तिघीही माह्या रांगेतल्या होत्या हे मले तव्हाच दिसलं होतं. पुरं नाई दिसलं, धुक्यावानी दिसलं, आन् जेवढं दिसलं तेवढं झाकाले मी त्या बोडीतली बाई वर काढली. चौथी, माह्या रांगेतल्याच अनसूयाची जाऊ. तिचं पोट भरलं तं घरच्यांनी तिले दवाखान्यात नेलंच नाई. बोडीवर नेलं. खन-नारळ घेऊन. मी तिथी होती. तिनं मले हात जोडले, का तुह्यामुळं कारन तरी समजलं.

नात खुशबू नर्सिंगच्या तिसऱ्या वर्साले हाये. तिनं माही फाईल वाचली. "आजी, गोंदन?" म्हने. "हो." "मी शाळेत असताना तू मले सांगतलं होतं, का बावीस बाया एका सुईत निपटवल्या, ते?" मी म्हनलं, "ती गोष्ट होती, वाघ होता तिच्यात." तिनं माह्या डोळ्यात थेंब टाकले, बाटली बंद केली, मंग हळूच म्हने, "आमच्या इथी सुई एकदा मारली का तिचा दट्ट्या अडकून जाते, आजी. दुसऱ्यांदा ओढूच म्हनलं तं ओढल्या जात नाई. तसं बनवलं हाये." मले कोनावर राग आला समजलं नाई. तसं तव्हा काऊन नाई बनवलं, असं काईतरी मी बोलली. ती म्हने, "तुह्यासारखे लय होते म्हनूनच बनवलं."

आठव्या दिवशी डोळा दाखवाले गेली तं मी दिव्यानीबाईले शोधत तिच्या दवाखान्यात गेली. सांगतलं. सारं, गंजासकट. वाघ नाई घातला. सांगताना सवयीनं दोन जागी माहा आवाज बारीक झाला, मंग मी तो मोठा केला. तिचा पेन थांबला. "मला इंटर्न असताना पेशंटची सुई टोचली होती," ती म्हने. "सहा महिने मी घरी कोणाच्या ताटाला हात लावला नाही, त्यानं काही होत नाही हे माहीत असून. आम्ही रोज प्रत्येकाला विचारतो आजी, सुई कुठे घेतली. लोक म्हणतात आठवत नाही. देणारं माणूस तर आजवर एकही आलं नव्हतं." मले वाटलं आता ती रागावन. रागावली असती तं बरं झालं असतं. "किती जिवंत आहेत?" तिनं विचारलं. मी बोटं मोजले. बारा. "त्यांना आणा. नुसती नावं घेऊन मी काय करू, बाया आणा. ज्यांचं लिवर अजून चाललंय त्या वाचतील."

वामनराव गेल्यापासून मी गावात पाय ठेवला नव्हता, सहा वर्स. पुसाच्या थंडीत एसटीनं मूल, सावली अशी गावं करत गेली. नवीन डोळ्यानं जंगल एवढं साफ दिसे, का झाडांची पानं मोजून घ्यावी. कमळाच्या आंगनात बाया जमल्या, कांता आली, कांता आली. अनसूया मांडीशी येऊन बसली. "सांग वं, तुह्या वाघाचं काय चालू हाये? लगन झालं का त्याचं?" मी म्हनलं, आज वाघ नाई. आन् सांगतलं. पाटलाची लाल सुई, एकच टोक, एका बाईचं रक्त दुसरीत, पोटातलं पानी त्याच्यानं, बोडीत कोनी बाई नाई, मीच तिले बसवली.  मंग अनसूया खदखदा हासली. तिच्या मागं साऱ्या. "माय वं, चंद्रपूरले जाऊन हिची गोष्ट बिघडली. बोडीतली बाई चांगली होती, हे काय, सुईतून किडा!" दुसरी म्हने, "लाल सुई नसती तं आमी त्या चिखलातच मेलो असतो. तुह्या हातचा गुन हाये, कांता. उगाच आपल्या हाताले शिव्या देऊ नोको." मी कागद काढला, दवाखान्याचा, माह्या नावाचा. कोनाले वाचता येत नव्हतं, आन् ज्या सुनेले येत होतं ती म्हने, "ह्याच्यात तं फक्त तुमचंच नाव हाये, आजी." त्या हासत राह्यल्या. चाळीस वर्स मी ह्यायले हासवलं, आन् आता मी ओरडून राह्यली होती, खरं हाये वं, रांडांनो, खरं हाये, आन् त्या पोट धरून राह्यल्या होत्या.

एक बाई हासत नव्हती. कमळा खाटीवर बसली होती, भिताडाले टेकून, घोंगडं पोटावर घेतलेलं. बाया चहाले आत गेल्या तव्हा मी तिच्यापाशी गेली. तिनं घोंगडं बाजूले केलं. मी हात ठेवला. पान्याच्या पखालीवानी. "कव्हापासून?" "दिवाळीपासून असं. पन कागद माह्याकडं दोन वर्साआधीचा हाये. पोरानं, धनराजनं, गडचिरोलीले नेलं होतं. हेच नाव सांगतलं त्यायनं, सी. गोळ्या देतो म्हनले." "मंग?" "मंग विचारलं, सुई कुठी घेतली. गावात येतो, साऱ्या बायांले तपासतो म्हनले." ती थांबली. दम लागत होता तिले. "गंज मी ठेवत होती ना वं. चहा मीच चढवला. तुह्यं नाव निघालं असतं तं माह्यंही निघालं असतं. धनराजले म्हनलं, मले कोनतीच गोळी नोको. पुन्हा गेलीच नाई." मी म्हनलं, कमळे, दोन वर्स! ह्या दोन वर्सात तू, आन् ह्या बाया. ती म्हने, "तू कोनत्या तोंडानं बोलतं? तू तं बारा वर्स बोडीत बाई बसवून ठेवली."   आतून बायांचा आवाज, कपबशांचा. मंग कमळानं माह्या खांद्याले धरलं आन् उठली. "काय करतं?" "ह्या तुह्यं मानत नाईत. मी जल्मात ह्यायले एकही गोष्ट सांगतली नाई." ती दारात जाऊन उभी राह्यली, चौकटीले धरून, लुगडं पोटावरून बाजूले सारलेलं, सारं पोट उघडं, शिरा निळ्या.  "कांता खरं सांगून राह्यली," कमळा म्हनली. "मी पानी उकळू देल्लं नाई. हिनं पुसून पुसून मारली. उद्या सकाळच्या गाडीनं साऱ्या जा."

कोनी कप ठेवला, तो आवाज ऐकू आला. अनसूया उठली, माह्या जवळून गेली. तिच्या जावेनं मले हात जोडले होते ते तिले आठवलं असन, का मलेच आठवलं. आंगनात जाऊन ती थुंकली. कोनी मले जेवाले बस म्हनलं नाई. धनराजनं ताट आनून देलं.

सकाळच्या गाडीत अकरा बाया आल्या. कमळा बारावी. ती म्हने, बसमधे पोट हालते, धनराज जीप पाहून आनते. बाया पुढं दोन-दोन, तीन-तीन दाटून बसल्या, एक तं उभी राह्यली सावलीपर्यंत, माह्या बाजूची सीट रिकामी होती. आता दिव्यानीबाईच्या दवाखान्यात त्या रांगेनं बसल्या हायेत, लुगडं खांद्यावरून सरकवलेलं, आन् मी समोरच्या बाकावर. धनराजची जीप अजून आली नाई. फोन लागत नाई. मदतीले आलेली खुशबू एकेक पाकीट फाडून सुई काढून राह्यली, बाया त्या पाकिटाकडं पाहून राह्यल्या. दिव्यानीबाईनं अनसूयाले विचारलं, "आजी, सुई कोणाकडून घेतली होती?" अनसूयानं बोट केलं. "हिच्या हातची." दिव्यानीबाईनं लिवलं. दुसरीले विचारलं. "हिच्या हातची." तिसरी माह्याकडं पाह्यलीही नाई, नुसतं बोट. चौथी माही मावसबहीन लागते, ती रडाले लागली. तव्हा दिव्यानीबाईनं माह्याकडं पाह्यलं, पोट्टी चांगली हाये, तिनं मान खाली घातली आन् पाचवीच्या कागदावर न विचारताच लिवाले लागली. मी बाकावरून उठली.

"नाई बाई," मी म्हनलं. "विचारा. एकेकीले विचारा. त्यायच्या तोंडून लिवा."